घूस खात नाही ती फुलं

बाबा आमच्याकडे चंदीगडला राहायला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि निशिगंधाचे कंद जास्त होते. आई जाऊन सहा महिने झाले होते. साताऱ्याच्या घरामागे तिनं लावलेल्या वाफ्यातून त्यांनी ते उकरून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. एकवीस. मी मोजले नव्हते, त्यांनीच सांगितलं. बाबा तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस होते. मोजल्याशिवाय त्यांच्या हातून काही सुटत नसे, आणि मोजून झाल्यावरही त्यांची खात्री पटत नसे.

माझ्या नवऱ्याच्या बदलीमुळे आम्हाला तळमजल्याचं सरकारी क्वार्टर मिळालं होतं. मागच्या बाजूला जमिनीचा एक लांबट तुकडा आणि पलीकडे छातीइतकी भिंत. भिंतीच्या त्या बाजूला एक आंटीजी एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगाही सरकारी नोकरीत, पण कामानिमित्त बहुतेक बाहेरगावी. भाजीपाला आणि शेवंतीच्या कुंड्या हेच त्यांचं विश्व, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. आठवड्यातून दोनदा एक माळी यायचा, तो दोन्ही घरांचं काम बघायचा.

बाबांनी सप्टेंबरातच निशिगंध लावून टाकला. नर्सरीवाला म्हणाला होता, "अभी मत लगाओ जी, सर्दी में सो जाएगा." बाबांनी घरी येताना मला सांगितलं, "त्याला दुसरं काहीतरी विकायचंय, म्हणून तसं बोलतोय." तरी शेवटी त्याच्याकडून ग्लॅडिओलसचे पंधरा कंद त्यांनी घेतलेच. दोन्हीला हिरवी पाती फुटली. मी खूश होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच बाबा सकाळी उठून कुठंतरी जायची घाई करत होते, मग ते मागचं अंगण का असेना.

ऑक्टोबरच्या मध्यात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. ग्लॅडिओलसचं एक रोप आडवं पडलं होतं. उचललं तर अलगद हातात आलं. खाली कंद नव्हता. सुरीनं कापावी तशी पात तिथंच संपली होती. बाजूची माती भुसभुशीत होती, खुरप्यानं उकरून कुणीतरी परत नीट बुजवल्यासारखी.

"कंद नेलाय," बाबा म्हणाले. "आणि पात तशीच उभी करून ठेवली. आपल्याला कळू नये म्हणून."

"बाबा, कंद कोण चोरेल?"

"ज्याला त्याची किंमत कळते तो."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

चार दिवसांनी आणखी दोन रोपं गेली, मग निशिगंधाची तीन. प्रत्येक वेळी तसंच. वरून सगळं जागेवर, खाली काही नाही आणि बुजवलेली माती. बाबा सकाळी लवकर भिंतीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. हातात पेपर असायचा, पण तो हिंदी होता आणि बाबांना हिंदी वाचायचा कंटाळा. ते आंटीजींवर पाळत ठेवत होते हे मला दिसत होतं. माझा संशय मात्र माळ्यावर होता. दोन्ही घरांत त्याचा वावर, खुरपं त्याच्याच हातात आणि सायकलला अडकवलेली पिशवी नेहमी फुगलेली. एकदा मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "भैया, पिशवीत काय आहे?" त्यानं काही न बोलता पिशवी उघडून दाखवली. आत त्याचा डबा होता आणि एक जुना स्वेटर. माझ्याच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तरी तो गेल्यावर मी वाफा पुन्हा बघून आलेच.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे आणि ती सांगायला मला अजूनही जड जातं.

नोव्हेंबरात थंडी सुरू झाली. बाबांसाठी स्वेटर काढायला मी त्यांचं कपाट उघडलं. स्वेटरच्या घडीत काहीतरी टणक लागलं. वर्तमानपत्राची पुडी. आत निशिगंधाचे कंद. मोजले, नऊ होते. पाती कापलेली, माती झटकलेली. ते बागेत असायला हवे होते.

बाबा बाहेरच्या खोलीत माझ्या मुलीशी पत्ते खेळत होते. ती त्यांच्याशी हिंदीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. मी तशीच उभी राहिले. गेल्या महिन्यातल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून डोक्यात येऊ लागल्या. चष्मा फ्रीजवर ठेवून सगळीकडे शोधला होता. माझ्या नवऱ्याला दोनदा माझ्या भावाच्या नावानं हाक मारली होती. एकच किस्सा एका जेवणात दोनदा सांगितला होता. आणि आता हे. म्हणजे कंद बाबाच काढतात, लपवतात, विसरतात आणि सकाळी चोराला शोधत बसतात?

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. दुपारी मी सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला जाते. निघण्याआधी मी वाफ्याचा फोटो काढून ठेवायचे, आल्यावर तो ताडून बघायचे. त्यांची नखं बघायचे, माती आहे का. सकाळच्या गोळ्या घेतल्या का हे विचारून झालं की गोळ्यांची पट्टीही तपासायचे. त्यांना सरळ विचारावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. विचारलं आणि त्यांना आठवलंच नाही तर काय, या भीतीनं मी गप्प होते.

शेवटी रक्तदाब तपासायचा म्हणून त्यांना झिरकपूरला मेंदूच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेर पाटीवर काय लिहिलंय ते बाबांनी वाचू नये म्हणून मी त्यांच्या त्या बाजूनं चालले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि मग प्रश्न सुरू केले. आज वार कोणता, आपण कोणत्या शहरात आहोत, शंभरातून सात वजा करत जा. घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. बाबांनी सगळं चोख केलं. शंभरातून सात तर त्यांनी डॉक्टरांपेक्षा लवकर संपवलं. "बिलकुल ठीक हैं," डॉक्टर म्हणाले.

परतताना झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक.

"सेब, चाबी, पंखा," बाबा एकदम म्हणाले.

"काय?"

"ते तीन शब्द. अजून आठवतात." ते समोर बघत होते. "माझं डोकं फिरलंय का हे बघायला आणलंस ना मला?"

मी म्हटलं, "बाबा, कपाटात कंद सापडले."

"मग विचारायचंस."

"तुम्हीच काढले होते?"

"राहिलेले नऊ मी काढून ठेवले. दिवसाआड नाहीसे होत होते. तेवढे तरी वाचवायला नकोत? तुझ्या आईच्या हातचे आहेत ते."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी समोर बोट दाखवलं. गाड्या हलल्या, मी गिअर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा बागेत जायचे बंद झाले. खुर्ची भिंतीजवळ तशीच पडून राहिली, सकाळच्या धुक्यात ओली होत. ते पलंगावर बसून टीव्हीचा आवाज मोठा करत. मी माफी मागायला दोनदा खोलीत गेले आणि दोन्ही वेळा चहा हवा का विचारून परत आले.

आठवड्याभरानं रविवारी सकाळी आंटीजी फाटकातून थेट मागच्या अंगणात आल्या. एरवी त्या भिंतीवरून बोलायच्या. हातात शलगम या मुळ्यासारख्या कंदाच्या पाल्याची जुडी होती आणि चेहरा लाल.

"बेटा, बुरा मत मानना," त्या मला म्हणाल्या. "तुमचे बाऊजी रोज सकाळी भिंतीला लागून का बसायचे? माझे शलगम जातायत, गाजरं जातायत. मी महिनाभर गप्प बसले."

त्यांचा आवाज ऐकून बाबा बाहेर आले. त्यांना सगळं कळलं होतं. चंदीगडला आल्यापासून ते इतकं हिंदी पहिल्यांदाच बोलले असतील.

"हम चोर नहीं हैं बहनजी. हम तीस साल चोर पकडते थे. हम तो आपको देखने बैठते थे!"

"मुझे?" आंटीजी म्हणाल्या. "मी तुमच्यावर नजर ठेवून होते आणि तुम्ही माझ्यावर?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही. आंटीजींनी हातातला पाला बाबांपुढे धरला. "ये देखो. वरून हिरवागार. उपटला तर खाली एवढंच."

बाबांनी चष्मा सारखा केला. पाल्याच्या खाली शलगमाची जेमतेम पुरीएवढी चकती उरली होती. ती त्यांनी उलटी केली, उजेडात धरली, नखानं चाचपली. संशयास्पद तिकीट ते असंच बघत असतील.

"हे दात आहेत," ते मराठीतच म्हणाले. "दोन दोन रेघा, शेजारी शेजारी. सुरीची खूण अशी नसते."

माळ्याला फोन करून बोलावलं. त्यानं आमच्या वाफ्यातली भुसभुशीत माती खुरप्यानं बाजूला केली, तर आत मनगट जाईल एवढं बीळ. त्यानं नळी आत सोडून पाणी चालू केलं. पाणी भरेचना. किती तरी वेळ गडगड आवाज करत ते आत जात राहिलं आणि मग आपल्या बाजूला गेलेल्या आंटीजी भिंतीपलीकडून ओरडल्या, "इधर निकल रहा है!" त्यांच्या शलगमाच्या वाफ्याखालून पाणी वर येत होतं.

माळ्यानं भिंतीलगत खणलं. दोन हातांवर एक पोकळी लागली आणि तिच्यात साठा. आमचे ग्लॅडिओलसचे कंद, निशिगंधाचे कुरतडलेले तुकडे, आंटीजींच्या गाजरांची टोकं आणि मूठभर हरभरे.

"घूस है जी," माळी म्हणाला. "आत शिरली की मागून माती लावून दार बंद करते."

माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, घूस मतलब रिश्वत ना?"

बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

आंटीजींकडे विषारी गोळ्या होत्या, पण त्यांच्याच कुत्र्यानं मेलेली घूस तोंडात धरली तर, या भीतीनं त्यांनी त्या वापरल्या नव्हत्या. माळ्यानं पिंजरा लावला. एक चांगली मांजराच्या पिल्लाएवढी घूस सापडली, ती तो लांब नेऊन सोडून आला. तीन दिवसांनी ताज्या मातीचा नवा ढीग होता. तेव्हा बाबा म्हणाले, "घालवायचा नाद सोडू. ती जे खात नाही तेच लावू."

हे बोलायला सोपं होतं. पण ती काय खात नाही हे सांगणारे जितके भेटले तितकी उत्तरं मिळाली. आंटीजी म्हणाल्या गेंदा, म्हणजे झेंडू. माळी म्हणाला लसूण. नर्सरीवाला तर आम्ही ज्या रोपाकडे बोट दाखवू त्याला म्हणायचा, "इसको कुछ नहीं खाता जी, पक्का." बाबा मला मराठीत म्हणाले, "बिनातिकिटाचा प्रवासीसुद्धा असाच बोलतो. आत्ताच घेणार होतो, पक्का."

त्यांनी स्वतःच तपासायचं ठरवलं. नव्या बिळाच्या तोंडाशी एक फळी ठेवली. तिच्यावर ओळीनं बटाट्याची फोड, ग्लॅडिओलसचा एक कंद, डेलियाचा गड्डा, झेंडूचं मुळासकट उपटलेलं रोप, लसणाचा गड्डा, नरगिस या थंडीत फुलणाऱ्या फुलाचा कंद आणि शेवटी नागदवण्याचा कंद. नागदवणा माळ्यानं दुसऱ्या एका बंगल्यातून आणला होता. पट्ट्यासारखी लांब पानं आणि मनगटाएवढा जाड कंद. तो देताना त्यानं बजावलं, "हात धो लेना. कुत्ता चबा ले तो बीमार पडेगा." मी त्याबद्दल वाचून काढलं. नरगिस आणि नागदवणा एकाच कुळातले, दोघांच्या कंदात विषारी द्रव्य असतं. रसायनशास्त्र शिकवणारीला हे माळ्याकडून कळावं याची जरा लाज वाटली.

पहिल्या सकाळी बटाटा, ग्लॅडिओलस आणि डेलिया गायब. दुसऱ्या दिवशी झेंडूची मुळं कुरतडलेली, रोप तिथंच. नरगिसवर एकच चावा होता आणि तो कंद फळीवरून खाली टाकून दिलेला. नागदवण्याला दातही लागला नव्हता. लसूण दोन दिवस जागेवर होता आणि तिसऱ्या दिवशी दिसेना. घुशीनं नेला, कावळ्यानं नेला, की आणखी कुणी? बाबा हळूच म्हणाले, "काल बहनजींकडे चटणीचा वास येत होता." मी त्यांच्याकडे बघितलं तसे म्हणाले, "मी आपलं सांगितलं." लसणाचा निकाल त्यांनी कधीच लावला नाही. वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

मग आम्ही चाळीस नरगिस आणले आणि एक घोटाळा होता होता वाचला. नरगिसचा कंद दिसायला थेट लहान कांदा. बाबांनी पिशवी मागच्या दारामागे उंच खुंटीला टांगली होती, तिच्यावर चिठ्ठीही लावली होती. संध्याकाळी मी कांदेपोह्यांना कांदा घेतला, सुरी लावली आणि हाताला चिकट लागलं. वासही कांद्याचा नाही. टोपलीत आणखी एक तसाच निघाला. मी टोपलीतले सगळे कांदे फेकून दिले, चिरायची फळी घासली, सुरी घासली. टोपलीत ते कुणी टाकले? मुलगी म्हणाली मी नाही. नवरा म्हणाला मला फरकच कळत नाही. कामवाल्या बाईंनी खांदे उडवले. मी बाबांकडे बघायचं टाळलं. त्यांना ते कळलं.

"विचार," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही ठेवलेत?"

"नाही. आणि आता तू विचारलंस म्हणून मला राग नाही."

कंद टोपलीत कसे आले ते शेवटपर्यंत कळलं नाही. अजूनही मी कांदा आधी हुंगते आणि मगच चिरते.

नरगिस लावायला आम्ही दोघं बसलो. भिंतीच्या कडेनं नरगिसची रांग, कोपऱ्यांत नागदवणा. निशिगंधाचे ते नऊ कंद मात्र बाबांनी कुंड्यांमध्ये लावले, तळाशी लोखंडी जाळी घालून, आणि कुंड्या कट्ट्यावर ठेवल्या. मी म्हटलं, नरगिसच्या मध्ये लावले तर? वासानं घूस फिरकणार नाही. त्यांनी मान हलवली. "तिकीट काढलेल्या माणसाच्या शेजारी बसला म्हणून बिनातिकिटाचा सुटत नाही. ज्याचं त्याचं वेगळं."

मी जाळी कापत होते. वर न बघता म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तुम्हाला सरळ विचारायला हवं होतं."

ते थोडा वेळ माती चाळत राहिले. मग म्हणाले, "मी तरी कुठं तुला विचारलं? मी कंद लपवले ते फक्त शेजारणीपासून नाही."

मला समजलं नाही.

"मला वाटलं, तूच काढत असशील. बाग मोडली की म्हातारा कंटाळून साताऱ्याला जाईल, असा विचार केला असशील. तुझी नोकरी, पोरीची शाळा. मी म्हटलं, जडच झालो असेन."

माझ्या हातातली पक्कड खाली पडली. एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन आम्ही महिनाभर असे एकमेकांकडे बघत होतो. त्यांनीच पक्कड उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ती कड राहिली, तिथून आत येईल."

जानेवारीत, धुक्यामुळे चार चार दिवस ऊन पडत नव्हतं तेव्हा नरगिस फुलला. पांढरी फुलं, मध्ये पिवळी वाटी, वास असा की आंटीजी भिंतीवरून वाकून हुंगायच्या. फुलांपासून वीतभर अंतरावर घुशीनं मातीचा नवा ढीग केला होता. ती तिथपर्यंत आली होती आणि वळून गेली होती. बाबा रोज सकाळी नरगिसचे दांडे मोजत. एक दांडा कमी भरला की भिंतीकडे बघत, मग स्वतःच म्हणत, "वाऱ्यानं पडला असेल." आंटीजींनीही त्यांच्या बाजूनं नरगिस लावले. शलगम त्यांनी सोडले नाहीत, फक्त पत्र्याच्या जुन्या टबात लावले.

मार्च संपताना पानं पिवळी पडली आणि दोघांचं वाजलं. आंटीजींचं म्हणणं, कंद जमिनीतच राहू द्या, पुढच्या वर्षी आपोआप येतील. बाबांचं म्हणणं, नजरेआड ठेवलेल्या मालाचा भरवसा नाही, काढून ठेवा. शेवटी मी वीस जमिनीत ठेवले आणि बाकीचे अठरा काढून जाळीच्या पिशवीत टांगले, स्वयंपाकघरापासून लांब. एप्रिलमध्ये ऊन वाढलं तसे बाबा साताऱ्याला गेले. मी थांबवलं, ते थांबले नाहीत. "दिवाळीला येतो," म्हणाले, आणि या वेळी मी तोंडावर विचारलं, "रागावून नाही ना जात?" ते म्हणाले, "उन्हाला घाबरून जातोय."

ऑक्टोबरात जमिनीतल्या नरगिसला कोंब आले. मी फोन केला.

"किती आले?"

"वीसच्या वीस."

"मोजलेस?"

"मोजले, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "फोटो पाठव."